‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणताना जीभ अडते

एका वाचक भगिनीचं पत्र:

‘सलाम. अंबड तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. सप्टेंबरात आमचा साडेचार वर्षांचा मुलगा डेंग्यूने गेला. तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी सकाळी उतरला. लेकरू बरं झालं म्हणून आम्ही निर्धास्त झालो. संध्याकाळी पोट दुखतंय म्हणाला, उलट्या झाल्या, रात्री हातपाय गार पडले. जीप करून जालन्याला नेईपर्यंत फार उशीर झाला होता. दफनाच्या वेळी मी हंबरडा फोडला तेव्हा आमच्या मंडळीतले पंच, नात्याने माझे चुलत सासरे (काका म्हणतो आम्ही त्यांना), म्हणाले, “माय, रडू नको. देवाची इच्छा होती. तेवढंच आयुष्य लिहिलेलं होतं. ईयोबासारखं म्हण, दिलं त्यानं, नेलं त्यानं.” भर पावसात कबर त्यांनीच खणली होती, पण ते बोलणं माझ्या काळजात रुतून बसलं. सासूबाई म्हणतात, असे प्रश्न विचारणं म्हणजे देवाच्या अधीन न राहणं. तेव्हापासून रविवारी प्रभूची प्रार्थना चालू असताना “तुझ्या इच्छेप्रमाणे होवो” इथे माझी जीभ अडते. ती ओळ मी सोडून देते. आमच्या मिस्टरांनी मोसंबीच्या बागेत जाणं सोडलंय. “देवाला द्यायचं असेल तर देईल, नाहीतर मलाही नेईल,” म्हणतात. मला सांगा, देवानेच ठरवलं होतं तर आमची चूक नाही ना? की आम्ही उशीर केला म्हणून गेला? ती ओळ न म्हणणं पाप आहे का? काकांशी मी बोलत नाही, तेही पाप का? नाताळ तोंडावर आलाय, दारात तारा लावायचं मन होत नाही.’

ताई, सलाम.

तुमच्या प्रश्नांकडे येण्याआधी एका गोष्टीची घाई आहे. ‘मलाही नेईल’ हे तुमच्या मिस्टरांचं बोलणं. आपल्या मराठवाड्यात शेतकऱ्याच्या तोंडचं असं वाक्य कुणी ऐकून सोडून देऊ नये, मग ते देवाचं नाव घेऊन म्हटलेलं असलं तरी. आज रात्री जेवणं उरकली की त्यांना सरळ विचारा, ‘तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने तसला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. बहुतेक माणसं कुणीतरी विचारलं म्हणूनच मोकळी होतात. फवारणीची औषधं घरात किंवा शेतातल्या खोलीत असतील तर ती उचलून भरवशाच्या शेजाऱ्याकडे कुलपात ठेवायला द्या. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तुम्हीही त्यावर बोला. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजाराचे डॉक्टर भेटतील, त्यांच्याकडे दोघं मिळून जा.

कुणी म्हणेल, विश्वासणाऱ्याला मनाच्या डॉक्टरची काय गरज? त्याला एलीयाची गोष्ट सांगा. इतका मोठा संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून ‘परमेश्वरा, आता पुरे, माझा प्राण घे’ म्हणाला होता. देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं. मग दूताकरवी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या दिला. पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं त्यानंतर, कितीतरी दिवसांनी झालं. तुमच्या मिस्टरांनाही सध्या वचनं ऐकवू नका. वेळेवर जेवण, झोप, आणि शेजारी बसणारं माणूस, एवढं आधी.

आता तुमची ओळ.

ती म्हणणं म्हणजे लेकराच्या मरणाच्या कागदावर आपण सही करणं, असं तुम्हाला वाटतंय. जे झालं ते बरं झालं, माझी काही तक्रार नाही, असं लिहून देणं. कुठली आई अशी सही करील? पण ताई, ती ओळ तसली सही मागतच नाही. पूर्ण वाक्य डोळ्यांपुढे आणा: जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. ही मागणी आहे. जे आधीच घडतंय ते कुणी मागत बसत नाही. पृथ्वीवर सगळं स्वर्गातल्यासारखंच चाललं असतं, तर प्रभूने शिष्यांना हे मागायला शिकवण्याचं कारणच नव्हतं. स्वर्गात साडेचार वर्षांची लेकरं हातपाय गार पडून जात नाहीत. प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात लिहिलंय की देव डोळ्यांतलं पाणी पुसून टाकील, मरण उरणार नाही, शोक आणि रडणं उरणार नाही. देवाची इच्छा काय आहे हे बघायचं असेल तर ते तिथे बघावं. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणणारी बाई सप्टेंबरातल्या त्या रात्रीला होकार देत नसते. अशी रात्र पुन्हा कुठल्याही घरात येऊ नये, हे ती मागत असते.

मग ती रात्र देवाच्या हातातून निसटली होती का? तसंही आपण मानत नाही. चिमणीसुद्धा पित्याच्या आज्ञेवाचून जमिनीवर पडत नाही, हे प्रभूचंच बोलणं आहे. त्यात आपल्याला काटछाट करता येत नाही. बायबल या दोन्ही गोष्टी सांगतं आणि दोन्ही एका दोरीत बांधून दाखवत नाही. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकात, एकोणतिसाव्या अध्यायाच्या शेवटी मोशे म्हणतो की गुप्त गोष्टी परमेश्वराच्या स्वाधीन, प्रगट केलेल्या गोष्टी आमच्या आणि आमच्या मुलाबाळांच्या. माझ्या मते या सगळ्या विषयात माणसाने धरून ठेवावं असं हेच वचन आहे. देवाने कुठली गोष्ट का होऊ दिली, हे त्याच्या गुप्त कारभारातलं आहे. त्याची नक्कल ना माझ्याकडे आहे, ना तुमच्या पाळकांकडे, ना काकांकडे. दफनाच्या वेळी उघड्या कबरीशी उभं राहून ‘देवाची इच्छा होती’ म्हणणारा माणूस ती नक्कल वाचल्यासारखं बोलतो. तो अधिकार त्याला कुणी दिलेला नाही.

काकांनी ईयोबाचं नाव घेतलं म्हणून त्याच्याबद्दल थोडं जास्त लिहिते. आपल्या मंडळ्यांमध्ये ईयोब, मुलंबाळं आणि सगळंच गमावलेला तो माणूस, पहिल्या अध्यायातच संपतो. दिलं त्यानं, नेलं त्यानं, धन्य त्याचं नाव, आणि पुस्तक मिटलं. त्या पुस्तकाला बेचाळीस अध्याय आहेत! ते वाक्य म्हणणाराच ईयोब तिसऱ्या अध्यायात स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो. पुढे तो देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो. माझा गुन्हा काय ते समोर येऊन सांग, म्हणतो. मला एकटं का सोडत नाहीस, थुंकी गिळायला तरी सवड दे, म्हणतो. त्याचे मित्र आले तेव्हा पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. त्यांच्या हातून झालेलं चांगलं काम तेवढंच. मग त्यांनी तोंड उघडलं आणि देवाची बाजू मांडायला घेतली. देव न्यायी आहे, तो उगीच मारत नाही, तूच काहीतरी केलं असशील, गप्प बस, शरण जा. एकेक वाक्य घेतलं तर आपल्या उपदेशात सहज खपून जाईल असं.

आणि शेवटी काय होतं? बेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वर त्या मित्रांतल्या अलीफजाला म्हणतो, तुझ्यावर आणि तुझ्या दोघा मित्रांवर माझा राग पेटला आहे, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. हे पुन्हा वाचा, ताई. ओरडणारा, भांडणारा, रात्रंदिवस प्रश्न विचारणारा ईयोब यथार्थ बोलला, आणि देवाची तळी उचलणाऱ्यांना त्याच ईयोबाकडून प्रार्थना करून घ्यावी लागली. ईयोबाला त्याचं दुःख कशामुळे आलं हे शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. त्याला देव भेटला, कारण मिळालं नाही. तरी तो शरण गेला. शरण जाणं हे त्या सगळ्या भांडणाच्या अखेरीला आलं. पहिल्याच दिवशी, कबरीची माती ओली असताना, कुणी त्याच्याकडून ते वदवून घेतलं नव्हतं.

म्हणून सासूबाईंना माझा निरोप सांगा, प्रश्न विचारणारा माणूस अधीनच असतो. ज्याला देव मालक वाटत नाही तो देवाला जाब कशाला विचारील? स्तोत्रसंहितेत ‘किती काळ, हे परमेश्वरा?’ असे टाहो पानोपानी आहेत, आणि ते देवाच्या लोकांनी भक्तीत गायचे म्हणून दिलेले आहेत. खुद्द प्रभू येशूने गेथशेमाने बागेत काय केलं? आधी मागितलं. हा प्याला माझ्यावरून टळून जावो. एकदा नाही, तीनदा मागितलं. लूक लिहितो की घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. ‘तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे’ हे त्या घामातून निघालेलं बोलणं आहे. आणि लाजर या मेलेल्या मित्राच्या कबरीपाशी तो रडला. थोड्याच वेळात लाजराला उठवणार आहे हे ठाऊक असूनही रडला. तिथे त्याला कुणी ‘रडू नको’ म्हटलेलं नाही.

‘तेवढंच आयुष्य लिहिलेलं होतं,’ हे काकांचं दुसरं वाक्य. हे आपल्या मुलखात सगळ्याच घरांत म्हणतात. पाचवीला सटवाई येते, कपाळावर लिहून जाते, ते पुसता येत नाही. आपण ख्रिस्ती झालो, सटवाई घरातून गेली, पण ते कपाळ तसंच राहिलं. काका म्हणतील, एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्रात माझे सगळे दिवस तुझ्या पुस्तकात लिहिलेले होते असं आहेच की. आहे. पण ते स्तोत्र वाचलं की कळतं, दावीद तिथे ज्याने आपल्याला आईच्या पोटात विणलं त्याच्याशी बोलतोय. सटवाईचं लिहिलेलं कुणाचं ऐकत नाही. देव ऐकतो. हिज्कीया राजाला यशयाने सांगितलं होतं की तू मरणार, वाचणार नाहीस. राजाने भिंतीकडे तोंड केलं आणि ढसाढसा रडला. यशया राजवाड्याच्या मधल्या चौकातून बाहेर पडला नव्हता तोवर त्याला परत फिरवलं गेलं. पंधरा वर्षं वाढवून मिळाली. आणि एवढ्या मोठ्या चमत्कारात यशयाने अंजिराचा पोटीस आणवून गळवावर बांधायला लावला. देवाचा शब्द झालेला असूनही औषध बांधलं. ज्या घरांत ‘प्रार्थना केली, आता दवाखाना कशाला’ असं चालतं त्या घरांनी हा भाग मोठ्याने वाचावा.

मग आमच्या रडण्याने का नाही परत फिरलं, असं तुमच्या मनात आलं असेल. यायलाच पाहिजे. पौलानेही शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा राहिला. ज्यांचं ऐकलं गेलं त्यांचा विश्वास मोठा होता आणि तुमचा कमी पडला, असा हिशोब कुणी मांडला तर तो ऐकून घेऊ नका. ईयोबाच्या मित्रांचा तोच हिशोब होता.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. देवाने ठरवलं होतं, की आम्ही उशीर केला?

आधी त्या दिवसाबद्दल बोलू, मग देवाबद्दल. डेंग्यूत ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात उतरतो आणि खरा धोका त्याच वेळी असतो. रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपायला लागतं, पोट दुखतं, उलट्या होतात, लेकरू सुस्त होतं, हातपाय गार पडतात. कपाळाला हात लावणाऱ्या आईला काय कळतं? ताप गेला. जगातल्या सगळ्या आयांना ताप उतरला म्हणजे सुटलो हेच शिकवलेलं असतं. तुम्ही जे पाहिलं त्यावरून तुम्ही जे केलं ते कुठल्याही आईने केलं असतं. याला हयगय म्हणत नाहीत. तुम्हाला माहीत नव्हतं, आणि ते सांगायला तुमच्यापर्यंत कुणी पोचलं नव्हतं.

पण ‘देवाने ठरवलेलं होतं, म्हणून कुणाचीच काही चूक नाही, काही करता आलं नसतं,’ असंही मी म्हणणार नाही. शास्त्र तसं बोलत नाही. योसेफ आपल्या भावांना म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलं, पण देवाने त्यातून चांगलं योजलं. एकाच घटनेत भावांचं पाप पाप राहिलं आणि देवाचा हात देवाचा हात राहिला. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र वधस्तंभाबद्दल एकाच दमात दोन्ही म्हणतो, देवाच्या ठरलेल्या संकल्पाने झालं आणि अधर्म्यांच्या हातांनी तुम्ही मारलं. आपल्या जालन्यात पाद्री नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात ज्या स्कॉटिश मिशनचं काम उभं केलं, त्या चर्चचा विश्वासाचा कबुलीजबाब १६४६ साली लंडनला तयार झाला. देवाच्या सार्वभौमत्वावर त्याहून ठाम लिखाण क्वचितच असेल. त्याचा तिसरा अध्याय म्हणतो की जे जे घडतं ते देवाने अनादिकाळापासून योजलेलं आहे. आणि तिथेच, त्याच वाक्यात, बजावतो की म्हणून देव पापाचा कर्ता ठरत नाही, माणसाच्या इच्छेवर बळजबरी होत नाही, आणि मधली कारणं खोटी पडत नाहीत. कॅल्विन आणि वेस्ली या दोन धर्मशिक्षकांना मानणारे लोक यावर शतकानुशतकं वाद घालत आलेत. १६१८-१९ मध्ये हॉलंडात डॉर्टला याच मुद्द्यावरून मोठी परिषद भरली होती. तो सगळा वाद तुमच्या दारात आणायची मला गरज वाटत नाही. मधली कारणं खरी आहेत, एवढं त्यातून तुमच्या कामाचं.

ती कारणं तुमच्या घरामागेच आहेत. नळाला आठ-दहा दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात घरोघरी बॅरल, हौद, रांजण भरून ठेवतात. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. आठवड्यातून एकदा सगळं पाणी ओतून, भांडी आतून घासून, वाळवून भरली आणि झाकली तर ती साखळी तुटते. अंगावर पांढरे पट्टे असलेला तो डास दिवसा चावतो. तुमच्या मंडळीत ताप उतरल्यानंतरच्या धोक्याची माहिती एखाद्या रविवारी सांगितली गेली, आशाताईंना बोलावून, तर त्याने देवाच्या सार्वभौमत्वाला काडीचा धक्का लागणार नाही. हे तुम्हीच करावं असं मी म्हणत नाही, तुमच्यावर आणखी ओझं नको. पाळकांना माझं हे लिखाण दाखवा.

हा आजार आमच्या कुठल्या पापाची शिक्षा तर नाही ना, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण ओळींच्या मधून मला ते दिसलं. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळीही हेच बोललं गेलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं गाढ झोपेत. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. नंतर कितीतरी लोक, त्यात आपले उपदेशकही, म्हणत राहिले की पाप वाढलं होतं. खरं तर दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद झोपलेल्यांवर कोसळलं. पुढे नवी गावं बसवली तेव्हा घरं भूकंपाला टिकतील अशी बांधली गेली. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती, त्यांच्याबद्दल प्रभूने स्वतः विचारलं, ते यरुशलेमेतल्या इतर सगळ्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि उत्तरही त्यानेच दिलं, नाही. जन्मांधाच्या वेळीही शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? याचंही नाही, आईबापाचंही नाही, असं तो म्हणाला. प्रभूने एवढं स्पष्ट ‘नाही’ म्हटल्यावर तुमच्या घरावर ‘हो’ म्हणायचा हक्क कुणाला उरत नाही.

मोसंबीवाल्या मुलखात आणखी एक दाखला तुमच्या कानावर येईल, कदाचित आलाही असेल. बागेला ताण दिल्याशिवाय बहर फुटत नाही, तसा देवही माणसाला ताण देतो. नवं पीक येणार, धीर धर. पैशाच्या ओढाताणीला हे लावा हवं तर. लेकराच्या मरणाला लावू नका, आणि कुणी लावलं तर उठून घरात जा. मूल म्हणजे बहरासाठी रोखून धरलेलं पाणी नव्हतं.

‘अधीन’ या गोष्टीबद्दल आणखी एक सांगायचंय, कारण सासूबाई ती तुमच्यावर वापरतायत. आपले पणजोबा-खापरपणजोबा कोण होते? जालन्याच्या आसपास शेषाद्रींच्या बोलण्याला कान देणाऱ्यांत मांग समाजाची माणसं मोठ्या संख्येने होती. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर बेथेल हे ख्रिस्ती गाव वसलं. त्या माणसांना शेकडो वर्षं सांगितलं गेलं होतं की तुमचा जन्म हेच तुमचं विधिलिखित, वेशीबाहेर राहा, मान खाली घाला, कपाळात तेच आहे. त्यांनी ऐकलं की स्वर्गात एकच राजा आहे. मग त्यांना हेही कळलं की गावचा पाटील-देशमुख राजा नाही. देवापुढे गुडघे टेकले म्हणून ती माणसं बाकीच्यांपुढे ताठ उभी राहिली, मुलींना शाळेत घातलं, स्वतःच्या नावाची सही करायला शिकली. आपल्या मंडळ्यांत देवाच्या अधीन राहण्याचा अर्थ मुळात हा होता. आता त्याच नावाने घरातल्या दुःखी सुनेचं तोंड बंद होत असेल तर आपण त्या आधीच्या कपाळाकडे परत चाललो आहोत. पौलाने इफिसकरांना बायकांबद्दल लिहिण्याआधीचं वाक्य ‘एकमेकांच्या अधीन असा’ असं आहे. सासूबाईंनाही ते लागू आहे. त्यांचाही नातू गेलाय हे मी विसरले नाही. त्या ज्या शब्दांना धरून उभ्या आहेत ते शब्द सुटले तर आपण कोसळू, असं त्यांना वाटत असेल. त्यांच्याशी वाद घालू नका. एखाद्या संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून नुसतं त्याच्या आठवणींबद्दल बोला.

बागेचं बोलू. मोसंबीचा आंबे बहर धरायचा असेल तर डिसेंबरभर ताण, आणि जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात ताण तोडायचा. म्हणजे तुमच्याकडे थोडे दिवस आहेत. मिस्टर ‘देवाला द्यायचं असेल तर देईल’ म्हणतात तेव्हा ते आळसाने म्हणत नाहीत, हातपाय गळालेत म्हणून म्हणतात. पण शिकवण म्हणून ते वाक्य चुकीचं आहे, हे तुम्हाला ठाऊक असलेलं बरं. फिलिप्पैकरांना पौल म्हणतो की भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात देवच घडवून आणतो. देव करतो म्हणून तुम्ही करा. देव करतो म्हणून तुम्ही बसून राहा, असं नाही. यिर्मयाने बाबेलात पकडून नेलेल्या लोकांना, ज्यांचं सगळं गेलं होतं अशा लोकांना, पत्र पाठवलं की घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा.

यंदा सगळी बाग उभी करायची जिद्द धरू नका. त्यांना म्हणा, चला, माझ्याबरोबर एक चक्कर मारू, मला सल कुठला काढायचा ते दाखवा. एक ओळ सुकलेल्या फांद्या काढा, परत या. दुसऱ्या दिवशी दुसरी ओळ. आळी साफ करायला भावाला किंवा गड्याला बोलवा. आंबवणीचं, म्हणजे ताण तोडायचं पहिलं हलकं पाणी सोडायच्या दिवशी मोटार त्यांच्याच हाताने चालू होऊ द्या. आणि समजा यंदा बहर चुकला, तर चुकू द्या. नवरा-बायको एकमेकांजवळ राहणं हे यंदाचं पीक. हबक्कूक म्हणतो, अंजीर फुललं नाही, द्राक्षीला फळ आलं नाही, शेतात अन्न पिकलं नाही, गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. ते म्हणताना आपलं अंग थरथर कापतंय, ओठ थरथरतायत, हेही त्याने आधी लिहून ठेवलंय.

तारा लावायचं मन नसेल तर लावू नका. मत्तयाच्या शुभवर्तमानात तारा बघून आलेले मागी लोक आपल्या देशी परत गेल्यावर लगेच बेथलेहेमातल्या दोन वर्षांच्या आतल्या मुलांची कत्तल आहे, आणि राहेल आपल्या मुलांसाठी रडतेय, सांत्वन पावेना, असं लिहिलंय. सांत्वन पावेना म्हणून मत्तय तिला दोष देत नाही. नाताळच्या कहाणीत तिला जागा आहे, तेव्हा तुमच्या मंडळीतही ती असायला हवी. भक्तीला जाववत असेल तर जा, मागच्या बाकावर बसा, ती ओळ आली की गप्प राहा. बाकीची मंडळी तुमच्या वतीने ती म्हणतेय असं समजा. तुम्ही ती पुन्हा केव्हा म्हणाल ते तुमच्यात आणि देवात राहू द्या, कुणाला तारीख द्यायची नाही. ते पाप नाही.

काकांशी न बोलणंही आज पाप नाही. ज्या माणसाने पावसात कबर खणली त्याच्या हातांनी देवाचं काम केलं, तोंडाने ईयोबाच्या मित्रांचं केलं. दोन्ही त्याच माणसाचं आहे. हे तुम्हाला आजच पेललं पाहिजे असं नाही. काही महिन्यांनी, जमेल तेव्हा, पाळकांना बरोबर घेऊन त्यांना भेटा आणि तुम्ही मला लिहिलंत तेच त्यांना सांगा: काका, तुम्ही खणलंत त्याचे उपकार मी विसरणार नाही, पण ते बोलणं माझ्या काळजात रुतलंय. बेचाळिसावा अध्याय वाचून दाखवायची गरज पडली तर तो पाळकांनी वाचावा. ते ऐकून घेतील की रागावतील ते सांगता येत नाही. पण पुढच्या वेळी गावात कुणाचं लेकरू गेलं आणि काका पुन्हा कबरीशी उभे राहिले, तर त्याआधी कुणीतरी त्यांना हे सांगितलेलं असलं पाहिजे, आणि ते सांगायचा हक्क तुमच्याइतका मंडळीत दुसऱ्या कुणाचाच नाही.